भाऊजींच्या वेलीची ओटी

पुण्यात नाकं पुष्कळ आहेत, पण ती वर करायला. नाक खऱ्या अर्थाने वापरलं ते एकट्या माझ्या धाकट्या दिरांनी. आमटीवरचं झाकण निघायच्या आत ते सांगत, "वहिनी, आज गूळ जुना आहे." लोणी काळभोरच्या पुढे बिअरच्या कारखान्यात ते वास पारखायच्या कामावर होते, सासूबाईंना मात्र 'औषधी अर्क' एवढंच ठाऊक.

बिअरला कडवटपणा आणि सुगंध येतो तो हॉप नावाच्या फुलामुळे. त्यातल्या कॅस्केड वाणाचं मूळ भाऊजींनी कुठूनसं पैदा केलं आणि कसबा पेठेतल्या आमच्या गच्चीवर कुंडीत लावलं. कारखान्यातले म्हणाले, पुण्याचा दिवस आखूड, इथे फुलणार नाही. झालं, भाऊजी पेटले. दिवस मावळला की कुंडीवर बल्ब लावून तो लांबवू लागले. "वहिनी, पपनसाच्या सालीचा वास यायला हवा, मागे किंचित देवदार. आपल्या मातीत तो उतरतो का, एवढंच मला बघायचंय." वेल दोरीभोवती कायम उजवे वेढे घेई. सासूबाई हरखल्या. "प्रदक्षिणा घालते हो. सात्त्विक दिसते."

मी तेव्हा नवी सून, पदवी वनस्पतिशास्त्राची आणि अक्कल तुळशीच्या मंजिरीएवढी. भाऊजी म्हणाले, "ही मादी आहे, कामाची फुलं मादीलाच धरतात." तेवढं ऐकून मी खण-नारळ घेऊन गच्चीवर गेले आणि वेलीची चक्क ओटी भरली. भाऊजींनी शांतपणे पाहिलं. "वहिनी, शेणखत चाललं असतं. खण तिला व्हायचा नाही."

पण श्रावणात फूल आलं. एकच, हिरवं, कागदी पाकळ्यांचं, इवल्याशा कणसासारखं. भाऊजी आंघोळ उरकून गच्चीवर जातात तो वेल रिकामी. "पहिलं फूल देवाचं," सासूबाई म्हणाल्या. ते गणपतीच्या मस्तकावर होतं. तिथून उचलायची छाती कोणाची? रविवारचा अख्खा दिवस भाऊजी देवघरापुढे हात जोडून, डोळे मिटून, नाक पुढे काढून बसले. "वळला एकदाचा देवाकडे," म्हणत सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढताना मी ते फूल हळूच भाऊजींच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते चोळलं, बोटांना पिवळी पूड लागली, त्यात नाक बुडवलं. मग हात माझ्यापुढे केला.

"पपनस," मी म्हणाले.

"आणि मागे?"

"उदबत्ती."

"म्हणजे पुण्याचं वाण झालं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं तोंडाला पदर-पंचा लावून हसलो.

पुढच्या उन्हाळ्यात वेल वाळली, ती पुन्हा फुटली नाही. आता भाऊजीही नाहीत. परवा नातीने मला एका चकचकीत ठिकाणी नेऊन ग्लास पुढे केला. "आजी, नुसता वास घे." नुसता वासच घेतला, असं घरी सांगायचं ठरलंय. पपनस होतं, मागे देवदारही होता. सगळं जिथल्या तिथे होतं. उदबत्ती तेवढी नव्हती.