भरमा हवालदाराचं ‘येतो’

भरमा हवालदार फौजेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खानापुरात त्याला नुसतं भरमा कुणी म्हणत नाही. वर्दी उतरली, हवालदारी राहिली. सध्या तो रोज बेळगावला कॅम्पाजवळच्या एका कंपनीत जातो. पोरं मोबाइलवर ठो ठो करत खेळतात, तसल्याच व्हिडिओ गेमवर ही कंपनी जवानांसाठी सराव तयार करते. पडद्यावर डोंगर, बर्फ, चौकी, सगळं. मेलेला जवान बटण दाबलं की उठून उभा. पहिल्या दिवशी भरमाला याचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन वेळेवर हजर होता.

चौकी खरी वाटते का ते सांगायचं आणि पडद्यावरच्या हवालदाराला आवाज द्यायचा, एवढंच त्याचं काम. कागदावर वाक्य होतं, ‘मी पुढं जातो.’ भरमा माइकसमोर म्हणाला, “येतो.” निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे आमच्याकडं पोरांना चालायच्या आधी शिकवतात. त्यामुळं ते कुणाला खटकलंच नाही.

घोळ झाला सरावात. पडद्यावरचा हवालदार मागं येतोय असं समजून नवे जवान आडोशाला त्याची वाट बघत बसले. तो बिचारा एकटाच पुढं गेला आणि सात वेळा मेला.

आवाज रेकॉर्ड करणारी नीलम म्हणाली, “अण्णा, एकच शब्द हाय, म्हणा की. न्हायतर साहेब दुसरा आवाज घेणार.”

“घेऊ देत.”

“पण का?”

तेव्हा भरमानं सांगितलं. परशराम त्याच्या गावचा, एकाच दिवशी भरती झालेला. एका सकाळी चौकीतून निघताना गडबडीत म्हणाला, “जातो रं.” भरमा बूट बांधत होता. वर न बघताच म्हणाला, “जा.” परशराम परत आला नाही. त्याला बावीस वर्षं झाली. गोळी कुणाचीही असो, आपल्या तोंडून ‘जा’ गेलं, हे भरमाच्या मनातून जात नाही.

नीलम माइक बंद करायला उठली.

“थांब गं,” भरमा म्हणाला. “पोरांनी चुकीचं शिकाया नको.” आणि एका दमात ते वाक्य म्हणून मोकळा झाला.

आता सराव बिनघोर चालतो. पडद्यावरून भरमाचाच आवाज येतो, “मी पुढं जातो.” मागच्या खुर्चीवर बसलेला भरमा दर वेळी मान वर करून बघतो आणि म्हणतो, “ये रं.”