सुकेळ्यांचं ऊन

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि दहावी झाल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे रेशनकार्डापासून गॅसच्या केवायसीपर्यंत सगळे कागद माझ्यासमोर येतात. कागदावर जे छापलेलं असतं त्याच्या पुढच्या रेघेवर काय लिहायचं, एवढंच मला येतं. इथे तशी रेघ नाही. वाचणाऱ्याचा वेळ घ्यावा असं मी काही पाहिलेलं नाही, केलेलं तर नाहीच. पण एक गोष्ट मी केली, ती मला कुणाला तरी सांगायची आहे. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना वेळेवर सांगितली नाही, म्हणून इथे लिहितो.

आमचं घर उमेळ्याला आहे. खाली काकी राहते, वर आम्ही. काकी म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची एकुलती मुलगी, माझी ताई, लग्न होऊन डहाणूकडे गेली. मागे थोडी वाडी उरली आहे. त्यात नारळ, थोडी फुलझाडं आणि राजेळी केळी. ही केळी काकीची. बाबा त्यांना पाणी सोडतात, पण घड कधी उतरवायचा आणि बुंध्याशी फुटलेले मुनवे काढून नवं झाड कुठे लावायचं ते काकी ठरवते.

काकी सुकेळी करते. ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगतो: राजेळी केळी पिकवून, सोलून, अख्खीच्या अख्खी उन्हात वाळवतात. आठवडाभर कडक ऊन लागतं. सकाळी बांबूच्या पट्ट्यांच्या मांडवावर पसरायची, वर जाळीचं कापड टाकायचं, दुपारी प्रत्येक केळं हाताने उलटायचं, संध्याकाळी टोपलीत भरून केळीच्या पानांनी झाकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हळूहळू त्यांना गुळासारखा रंग येतो आणि अंगावर मधासारखा चिकटपणा सुटतो. मग वाळलेल्या पानात बांधून ठेवतात. साखर नाही, काही नाही. फक्त ऊन.

पूर्वी हे अंगणात व्हायचं. मग शेजारची वाडी विकली गेली आणि पश्चिमेला सात मजली इमारत उभी राहिली. अंगणातलं ऊन गेलं तेव्हा काकी मांडव घेऊन गच्चीवर आली. थंडी सरत आली की तिचा दिवस गच्चीवरच जायचा. गल्लीत पूर्वी चार-पाच घरांत सुकेळी व्हायची, आता फक्त काकीची. आगाशीच्या बाजारातला एक दुकानदार दरवर्षी तिच्याकडून नेतो. बाबा तिला चिडवायचे, "वहिनी, तुमची केळी आमच्यापेक्षा जास्त ऊन खातात." काकी म्हणायची, "तुम्ही पण पसरून झोपा भाऊजी, उलटायला येते मी दुपारी."

दोन वर्षांपूर्वी छतावर सोलर बसवायची सरकारी योजना आली आणि बाबांच्या डोक्यात ते बसलं. नायगावला त्यांच्या ओळखीच्या एकाने बसवलं होतं, त्याच्या विजेचं बिल जवळजवळ शून्यावर आलं होतं. अर्ज अर्थातच मी भरला. माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं, विषय भौतिकशास्त्र. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकत असलेली गोष्ट घरात उपयोगी पडणार होती. त्या आनंदात मी एक काम केलं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत मी दर अर्ध्या तासाला गच्चीवर जाऊन इमारतीची सावली कुठवर आली तिथे खडूने रेघ मारली. प्रत्येक रेघेपाशी वेळ लिहिली. नंतर ते सगळं वहीत उतरवून काढलं.

त्या रेघांवरून सरळ दिसत होतं. गच्चीचा पूर्वेचा अर्धा भाग चार वाजेपर्यंत उन्हात असतो. पश्चिमेच्या अर्ध्या भागावर दीड वाजता सावली पडते आणि मग उठत नाही. काकीचा मांडव पूर्वेला होता. तिला खडू लागला नव्हता.

साइट बघायला कंपनीचा एक तरुण इंजिनीअर आला. त्याने माझी वही पाहिली आणि म्हणाला, "बॉस, हे तू काढलंस? आमचा सर्व्हेवाला पण एवढं करत नाही." माझे कान गरम झाले. मग तो म्हणाला, "दोन ऑप्शन आहेत. पश्चिमेला लावलं तर दुपारनंतर वीज कमी होईल, पण चालून जाईल. पूर्वेला लावलं तर फुल. तू सांग कुठे."

त्याने मला विचारलं, बाबांना नाही. मी म्हणालो, "पूर्वेला."

मांडव मला समोर दिसत होता. दिसत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. मला वाटलं होतं की काकी पश्चिमेला सरकेल, काहीतरी होईल. खरं तर तेवढंही वाटलं नव्हतं. विजेचा आकडा पूर्ण यावा एवढंच डोक्यात होतं.

घरपट्टीवर काकांचं नाव अजून आहे, त्यामुळे संमतीपत्रावर काकीची सही लागणार होती. मी कागद घेऊन खाली गेलो. ती तांदूळ निवडत होती. चष्मा लावून तिने कागद सगळा वाचला. ती सातवी शिकलेली आहे, सावकाश पण नीट वाचते.

"पूर्वेला लिहिलंय."

"हो."

"मग माझा मांडव?"

"दुसऱ्या बाजूला घेऊ ना. मी हलवून देईन."

"तिकडे ऊन असतं का दिवसभर?"

तिने हे मला विचारलं कारण मी एक अख्खा रविवार खडू घेऊन वर-खाली करत होतो, हे तिने पाहिलं होतं. मला नेमकं माहीत होतं. दीड वाजता.

"असतं," मी म्हणालो.

तिने सही केली. तिची सही म्हणजे पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर वेगळं. ते होईपर्यंत मी उभा होतो. मध्येच बोलायला भरपूर वेळ होता.

पॅनेल बसली. पहिल्याच महिन्यात बिल पाहून बाबांनी ते गल्लीत चार जणांना दाखवलं. प्रत्येकाला सांगायचे, "पोराने केलं सगळं. सावली मोजली त्याने." माझ्या मोबाईलवर ॲप होतं, त्यात दिवसाची वीज दिसायची. कॉलेजात लेक्चर चालू असतानाही मी ते उघडून बघायचो. काकी खालून हाक मारून म्हणायची, "आता दिवसभर पंखा लावते हो मी, तुझ्या राज्यात." ती हसून म्हणायची आणि मीही हसायचो.

मग थंडी सरली आणि पहिला घड उतरला. सांगितल्याप्रमाणे मी मांडव पश्चिमेला हलवून दिला. तिने केळी पसरली. दीड वाजता मी घरी नव्हतो, पण दीड वाजला हे मला कॉलेजातल्या भिंतीवरच्या घड्याळात दिसलं. पाच दिवसांनी केळ्यांना रंग आला नव्हता. ती मऊ, फिकट, बोटाला चिकटत होती आणि आंबूस वास सुटला होता. सातव्या दिवशी काहींवर पांढरी बुरशी दिसली. काकीने सगळा घाणा उचलून शेजारच्या गोठ्यात नेऊन दिला. परत आली तेव्हा आई म्हणाली, "यंदा हवाच दमट आहे." काकी म्हणाली, "असेल."

दुसरा घाणा तिने रस्त्याकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर घातला. तिथे ऊन होतं, पण बांधकामाचे डंपर दिवसभर जात. जाळीच्या कापडावर सिमेंटची धूळ बसली.

तिसऱ्या वेळी ती मला न सांगता शेजारच्या इमारतीत गेली. हे मला आमच्या आईने सांगितलं. काकी टोपली डोक्यावर घेऊन लिफ्टने वर गेली होती, वॉचमनला केळी द्यायचं कबूल करून. सोसायटीचे सेक्रेटरी तिथे आले. ते म्हणाले, "मावशी, इथे असं अलाऊड नाही. हायजीनचा प्रश्न येतो. उद्या सगळे पापड घेऊन येतील." काकी त्यांना म्हणाली, "साहेब, माझं ऊन तुमच्या बिल्डिंगने घेतलं, थोडं परत मागायला आले." ते हसले, आणि तिला लिफ्टने खाली सोडलं. घरी येऊन तिने हा प्रसंग नकला करून सांगितला. सगळे हसले. इमारतीने अर्धंच घेतलं होतं. उरलेलं अर्धं ज्याने घेतलं, तो त्याच खोलीत बसून चहा पीत होता.

त्या वर्षी आगाशीचा दुकानदार आला तेव्हा काकीने त्याला चहा दिला आणि "नाही जमलं यंदा" म्हणाली. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी तरी?" तिने त्याचा रिकामा कप उचलला. मी जिन्यात उभा राहून हे ऐकत होतो.

नंतर मला कळलं की पश्चिमेला लावली असती तरी आमचं घर चाललं असतं. आमचा वापर तेवढा नाहीच. दुपारी तयार होणारी बरीचशी वीज आम्ही वापरत नाही, ती बाहेर जाते. म्हणजे काकीचं ऊन आम्हाला पुरतंसुद्धा लागत नव्हतं. पॅनेल हलवून मिळतील का, हे मी कंपनीला विचारलं. पलीकडून सांगितलं की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा मंजुरी, आणि अर्ज ज्यांच्या नावावर मीटर आहे त्यांनी करायचा. म्हणजे बाबांनी. बाबांना कारण सांगावं लागलं असतं. मी फोन ठेवला. असे तीन महिने गेले.

यंदा दिवाळीनंतर काकी ताईकडे डहाणूला गेली, "आठ दिवस जाऊन येते" म्हणून. आठाचे वीस झाले, मग महिना झाला. एका रविवारी मी तिकडे गेलो. घरी सांगितलं, काकीला भेटून येतो. खरं कारण मनात घोकत गेलो.

ताईचं घर चिकूच्या बागेला लागून आहे, वर सपाट गच्ची, आजूबाजूला उंच काही नाही. काकी वऱ्हांड्यात बसली होती. ताई आत होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागलो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"काकी, मला माहीत होतं. तिकडे दीड वाजता सावली येते ते. मी मोजलं होतं."

"बस आधी."

"मी तुला असतं म्हणालो."

"ऐकलं ना मी. बस." मी बसलो. ती म्हणाली, "खोटं बोलताना तू थुंकी गिळतोस. लहानपणापासून. बरणीतली सुकेळी चोरायचास आणि असाच उभा राहायचास, गळा वर-खाली करत."

"मग सही का केलीस?"

"भाऊजी आधीच चार जणांना सांगून बसले होते, पोरगा करतोय म्हणून. इंजिनीअर तुला शाबासकी देऊन गेला होता. मी नाही म्हटलं असतं तर काय म्हणाले असते, म्हातारीच्या केळ्यांसाठी पोराचं अडवलं." तिने पदराने चष्मा पुसला. "आणि मला वाटलं, हा आज ना उद्या येऊन सांगेल. पहिला घाणा नासला तेव्हा वाटलं, आज सांगेल."

मी म्हणालो, "मी बाबांना सांगतो. पॅनेल हलवायचा अर्ज करतो. पुढच्या हंगामाला मांडव परत पूर्वेला."

"बघ."

आतून ताई पाणी घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला सगळं माहीत असावं. म्हणाली, "जेवून जा," पण तो आवाज पाहुण्याला वापरायचा होता.

घरी येऊन मी त्याच दिवशी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, "मी पण दोन पायांनी वर जात होतो ना गच्चीवर. मला डोळे नव्हते का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली. तपासणीला माणूस आला, फोटो काढून गेला. मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. मी काकीला फोन केला. फोन लागला नाही. मेसेज केला, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तोवर मी मांडवाच्या सुटलेल्या पट्ट्या सुतळीने बांधून घेतल्या.

परवा ताईचा फोन आला. मला नाही, बाबांना. मी समोरच होतो, बाबांनी स्पीकर लावला. ताई म्हणाली, "काका, आईने इथल्या बाजारातून राजेळी आणून गच्चीवर दोन घाणे केले. झकास झालेत. तो आगाशीचा माणूस स्वतः इथवर येऊन घेऊन गेला." बाबा म्हणाले, "बरं झालं. इकडे पण होतंय सगळं तयार, वहिनींना सांग." ताई म्हणाली, "काका, आई म्हणते राजेळीचे मुनवे काढून ठेवा, सगळे. येत्या शनिवारी टेम्पो पाठवतोय. तिने इथे खड्डे घेतलेत. ती आता इथेच राहणार आहे."