बेलह्युमर घराण्याची चौकशी

स्थळाची चौकशी करावी तर गयाबाई निंबेकरांनी, अशी अकोल्यात त्यांची ख्याती होती. मुलाच्या गल्लीत जायचं, घोटभर पाणी मागायचं आणि रिकामा पेला परत देईपर्यंत त्या घराची तीन पिढ्यांची अब्रू पदरात बांधून आणायची. त्यांनी होकार दिला की मुलीचे वडील डोळे मिटून तारीख धरत.

नवरा, आत्माराम, गेल्यावर त्या जर्मनीत इंगोलश्टाटला मुलाकडे आल्या. भाषेचा गंध नाही, त्यामुळे ही विद्या आता गंजणार असं सगळ्यांना वाटलं. पण वर्षभरातच त्यांनी सुनेला सांगितलं, "वरच्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं पटत नाही."

"अहो आई, तुम्हाला कसं कळलं?" सरलाने विचारलं.

"कचरा वेगवेगळा टाकायला जातात."

"इथे कचरा वेगवेगळाच टाकतात!"

"एकमेकांची पाठ वळल्यावर नाही टाकत कुणी," गयाबाई म्हणाल्या. दोन महिन्यांनी वरच्या बाई सामान घेऊन गेल्या.

अशा बाईंच्या नातीने, गार्चिंगला पीएचडी करणाऱ्या क्षमाने, एक दिवस लुक बेलह्युमरला घरी आणलं. मुलगा तिच्याच लॅबमधला, कॅनडातल्या क्युबेकचा, घरी फ्रेंच बोलणारा. लग्न करायचं म्हणाली, पण आजी हो म्हणाली तरच. आजीच्या मांडीवर वाढलेली पोर ती. अश्वजितने, तिच्या बापाने, सुटकेचा श्वास सोडला आणि सगळं आईवर ढकललं.

"आपल्यातला आहे का?" गयाबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"आजी, तो कॅनडाचा आहे!"

"ते ऐकलं मी. घराणं कसं आहे? चौकशीला कुणाला पाठवायचं तिकडे?"

क्षमाने कपाळाला हात लावत हे लुकला सांगितलं, तर पोरगा खुर्चीतून उठलाच. पूर्वज शोधणं हा त्याचा छंद होता. तिकडच्या चर्चच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर होत्या, आणि त्याने साडेतीनशे वर्षांपर्यंत मजल मारली होती. ऐकायला मात्र कुणी तयार नसे. त्याची सख्खी आईसुद्धा विषय निघाला की भांडी घासायला पळायची.

मग दर रविवारी लुक लॅपटॉप घेऊन येऊ लागला. गयाबाई त्याला लुकेश म्हणू लागल्या. तो जर्मनमध्ये सांगायचा, क्षमा मराठीत आणायची, आणि गयाबाई थालीपीठं थापता थापता मेलेल्या माणसांची उलटतपासणी घ्यायच्या.

"हा पियेर. बायको वारल्यावर चार महिन्यांत दुसरं लग्न."

गयाबाईंचा हात थांबला. "चार महिने? लाज नाही वाटली?"

लुक ओशाळला. "घरात सहा लहान मुलं होती, आजी."

"मग ठीक आहे. आणि ही कोण?"

"ही त्याच्या नातवाची बायको. नातवाच्या मामाचीच मुलगी."

"चालतं. आपल्यातही करतात."

चौकशी रंगात आली. क्षमा तर श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्ननोंदणीच्या कचेरीत, कोणती साडी नेसायची ते ठरवू लागली. आणि मग लुकने मोठ्या अभिमानाने मूळ पुरुष काढला. हा फ्रान्समधून शिपाई म्हणून आलेला ज्याँ गोदँ. त्याच्यानंतर मुलंबाळं सगळी बेलह्युमर.

"म्हणजे आडनाव बदललं?" गयाबाईंचा आवाज बदलला.

"गेनाऊ!" लुक खुशीत म्हणाला. अगदी बरोबर.

गयाबाईंनी गॅस बंद केला. "काहीतरी लपवायचं असल्याशिवाय माणूस आडनाव बदलत नाही. चोरी केली असेल, नाहीतर खून. मला हे स्थळ पसंत नाही."

क्षमा चिडली की जर्मनवर जायची. आज तिला कुठलीच भाषा फुटेना. तिचे डोळे भरून आले. काय झालं ते न कळून लुक नुसता लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिला.

जन्मात आईपुढे तोंड न उघडलेला अश्वजित तेव्हा हळूच म्हणाला, "आई, आपलं आडनाव आबांनी कशाला बदललं होतं?"

गयाबाई ओट्याला टेकल्या.

अकोल्यातली ती उन्हाळ्याची दुपार त्यांना काल घडल्यासारखी आठवली. नवीन संसार, डोक्यावर ट्रंक. खोली पसंत पडायची, मग मालक आडनाव विचारायचा, आणि खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असायची. गल्ल्यांमागून गल्ल्या झाल्या. शेवटी एका दारात आत्माराम थांबले आणि आपल्या निंबा गावाच्या नावावरून म्हणाले, "निंबेकर." खोली मिळाली. जुनं आडनाव तोंडून निसटेल या धास्तीने गयाबाई कित्येक दिवस नळावर कुणाशी बोलल्या नव्हत्या.

हे सगळं त्यांनी आज पहिल्यांदा नातीला सांगितलं. काहीही लपवलं नाही. क्षमाने डोळे पुसत एकेक वाक्य लुकला सांगितलं.

लुकने वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "ज्याँने का बदललं, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नाही. शिपायांना दुसरं नाव मिळायचं, तेवढंच ठाऊक आहे. पण मुलांना त्याने तेच दिलं. आधीचं मागे टाकायचं असेल त्यालाही."

"विचार त्याला, बेलह्युमर म्हणजे काय?"

"हसतमुख," क्षमा म्हणाली.

गयाबाईंनी लुककडे पाहिलं. ठेच्याने त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ताटातलं थालीपीठ त्याने सोडलं नव्हतं.

"अश्वजित, तारीख धर," त्या म्हणाल्या आणि गॅस पुन्हा पेटवला.

सरलाला राहवेना. "अहो आई, पण तुमचा तो पहिला प्रश्न?"

"केली ना चौकशी," गयाबाई म्हणाल्या. "आपल्यातलेच निघाले."