आप्पांच्या घड्याळातला बुडबुडा

गेल्या रविवारी मुरुममध्ये मी आप्पांचं चालतं घड्याळ तेलात बुडवलं... तेही शुद्धीत असताना, भर दुपारी. पुढं जे झालं ते अजून माझं मलाच खरं वाटत नाहीये, म्हणून लिहून ठेवतेय.

आप्पा म्हणजे माझे वडील. सास्तूरला असतात, आयुष्य गवंडीकामात गेलं. मी उमरग्यात फार्मासिस्ट. पहिल्या पगारात त्यांना पाणबुडे वापरतात तसलं घड्याळ घेतलं होतं, जराशा फुगीर काचेचं, उन्हावर चालणारं. सेल बदलायची कटकट नाही, आणि रोज विहिरीत उडी मारणाऱ्या माणसाला पाण्याची चिंता नाही!

ते घड्याळ कधी त्यांच्या हातातून उतरलं नाही. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक दिवस त्यांनी घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "काच लई चमकती माय. आभाळ दिसतंय त्यात, काटं न्हाय दिसत. तूच घाल आता." मनगटावर पट्ट्याची गोरी खूण तेवढी राहिली होती. मला रडू आलं, पण मी दाखवलं नाही.

मग मोबाईलवर शोधाशोध सुरू केली. कळलं की असल्या घड्याळात लोक चक्क तेल भरतात... पाण्यासारखं पारदर्शक सिलिकॉन तेल. काच आणि तबकडीमधली हवा गेली, की काचेची आतली चमक जाते. चावीच्या घड्याळाला हे चालत नाही, त्याचं चक्र तेलात अडकून बसतं. सेलवरच्या आणि उन्हावरच्या घड्याळाला चालतं म्हणे.

तेल मागवलं. कुरियर आलं नेमकं शनिवारी. शनिवारी तेल घरात घ्यायचं नाही, या बाबतीत आमच्या सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत. डबा रात्रभर कंपाउंडच्या भिंतीवर, आणि रविवारी मी निघेपर्यंत उन्हातच.

मुरुमला हैदरचाचा आहेत, घड्याळं दुरुस्त करतात. मी शाळेत होते तेव्हाही म्हातारेच होते. माझं ऐकून त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "बेटी, सारी उमर मी घडीतून तेल-पाणी बाहर काढलं. आन तू आत भर म्हंतीस?" पण हात शिवशिवत होते त्यांचे, ते दिसत होतं.

काचेच्या वाडग्यात तेल ओतलं. दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही दोघं घामाघूम. चाचांनी मागचं झाकण उघडून घड्याळ आत सोडलं, मी मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजनं कोपऱ्याकोपऱ्यात तेल सोडत गेले. हवेचे बारीक बारीक बुडबुडे वर येत राहिले. शेवटचा फुटला तसं चाचांनी तेलाच्या आतच झाकण बसवलं.

पुसून बघितलं... आणि काच गायबच! काटे, आकडे एकदम वर आलेले, बोटाला लागतील असे. तिरकं धरलं, आडवं धरलं, कुठूनही तबकडी लख्ख. चाचांनी काच आहे का नाही ते बोट लावून बघितलं.

पण सेकंदकाटा थांबला होता.

आप्पांचं घड्याळ मी मारलं, एवढंच डोक्यात. चाचांनी घड्याळ दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवलं आणि चहा सांगितला. चहा गार झाला तरी मी पायरीकडंच बघत होते.

आणि काटा हलला... दोन-दोन सेकंदांची उडी मारत, आजारातून उठलेल्या माणसासारखा. बऱ्याच वेळानं एकेक सेकंद मोजायला लागला. ऊन तेलातून खाली पोचलं होतं! चाचा हळूच म्हणाले, "सुभानल्ला." आणि घड्याळाची वेळ लावून दिली.

संध्याकाळी सास्तूर गाठलं. आप्पांनी घड्याळ बांधलं, तडक विहिरीवर गेले आणि मारली उडी. वर आले ते हात उंच करूनच. "दिसतंय गं! पाण्याखाली बी दिसतंय, साडेपाच झाल्यात!"

पायऱ्या चढून आले आणि मी घड्याळ बघितलं... आत ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा. माझ्या लगेच लक्षात आलं. तेल सकाळभर भिंतीवर तापलेलं, वर पत्र्याखालची दुपार. विहिरीच्या गार पाण्यात ते आकसलं आणि तेवढी जागा रिकामी झाली. म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं. द्या, परत भरून आणते."

आप्पांनी मनगट जरा कलतं केलं. बुडबुडा सरकला. दुसरीकडं कलवलं, तो तिकडं. आणि हा माणूस खळखळून हसला. "पाणसळ बसवलीस व्हय आत!" गवंडी लोक बांधकाम आडवं सरळ आहे का बघतात ती पाणसळ, त्यातही असाच बुडबुडा असतो.

ओल्या कपड्यांनीच घरी आले आणि समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर घड्याळ आडवं ठेवलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांनी बांधलेली पहिली भिंत ती हीच. काम नुकतंच शिकत होते. "माझ्यापाशी पाणसळ न्हवती तवा," म्हणाले. "नळीत पाणी भरून लेवल धरली. सरळ हाय का न्हाय... मनात राहिलंच हुतं बग."

आम्ही दोघं वाकून बघत होतो. बुडबुडा थोडा डुलला, तबकडीच्या मधोमध आला आणि थांबला. आप्पांनी भिंतीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा बघितले.

तेल अजून अर्धा डबा शिल्लक आहे. पण बुडबुडा काढायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. हैदरचाचांच्या हाताचे आभार मानावेत तेवढे थोडेच... आणि सासूबाईंच्या शनिवारचेही.