तशी बरी आहे

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, जिला मी बारीकसारीक सगळं सांगते, अगदी सासूबाईंचंसुद्धा. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या भाजी घेताना समोर येणार नाही. फार मोठं काही असेल अशी अपेक्षा ठेवू नका. खून नाही, चोरी नाही. तीन शब्द आहेत — आणि त्यांच्या मागून आलेले आणखी काही.

मी टेस्टिंगमधली. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधली खोट काढायची, हे माझं काम. गुरुग्रामच्या एका कंपनीत अकरा वर्षं होते, शेवटची पाच वर्षं टीम लीड. एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं बोलावणं आलं. ती बारा मिनिटांतच आटोपली. स्क्रीनवर एक बाई होती, आवाज अगदी मऊ, नाव आजही आठवत नाही. मी कॅबमध्येच होते. मीटिंग संपल्यावर लॅपटॉप पुन्हा उघडला तर पासवर्ड चालेना. मला वाटलं, मीच चुकीचा टाकतेय. चार वेळा टाकला. मग रुपालीचा फोन आला, "ताई, तुमचाही बंद झाला का?"

रुपाली माझ्या टीममधली. यवतमाळची, तेहतीस वर्षांची, आईला घेऊन गुरुग्राममध्ये भाड्याने राहणारी. आमच्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे ती पहिल्या आठवड्यापासून मला ताई म्हणायला लागली. मीही म्हणू दिलं. नोकरी गेल्यावर तिचा भाऊ सारखा फोन करायचा — झालं ना आता दिल्लीचं, या परत. परत जाऊन ती करणार काय होती? तिच्या कामाची कंपनी तिथे नाही. लग्नाची घाई करणारे मात्र भरपूर. तीन-चार महिन्यांत इथे काम मिळालं तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं, असं तिचं सरळ गणित होतं आणि ते मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, कारण नंतर मी ते सोयीस्करपणे विसरले.

आणि माझं काय होतं? नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. दक्षिण दिल्लीत सरकारी क्वार्टर, समोर कडुनिंब, मागे गॅलरी. माझी नोकरी गेली म्हणून आमच्या घरात एक वाटी वरण कमी शिजलं नसतं. माझी मुलगी, इथेच वाढलेली, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी, ती खुशीत म्हणाली, "चलो, आता आई घरी तरी राहील!" नवराही हसला. म्हणाला, "आराम कर यार थोडा." दोघंही प्रेमानेच बोलत होते, पण मला ते असं झोंबलं म्हणून सांगू! अकरा वर्षं मी पहाटे उठून डबे करून गुरुग्राम गाठलं, ते काय आराम करायला जमत नव्हतं म्हणून?

तर आम्ही दोघींनी तयारी सुरू केली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी रुपाली मेट्रोने माझ्याकडे यायची. मी पोहे करायचे, आणि डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही एकमेकींचा इंटरव्ह्यू घ्यायचो. आता खरं सांगते — ती माझा घ्यायची. मी लीड असले तरी इतक्या वर्षांत हाताने काम करणं सुटलं होतं. नवीन टूल्स मला येत नव्हती. तिला सगळी यायची. ती न कंटाळता शिकवायची, तेच तेच तीनदा, आणि वर म्हणायची, "ताई, तुम्हाला लवकर जमतंय बरं का." मी मान डोलवायचे. आतून जळायचे. काल मी हिच्या रजा मंजूर करत होते आणि आज ही मला शाबासकी देते? बाई गं!

तिची एक खोड होती. खोड कसली, गुण. प्रश्न विचारायची. "आणि असं झालं तर?" हे तिचं पालुपद. मीटिंगमध्ये सगळे घड्याळ बघत असायचे, साहेब लोक उठायच्या बेतात, आणि मागून हिचा आवाज — आणि असं झालं तर? एकदा एका फॉर्मची सगळी तपासणी झाली होती, दुसऱ्या दिवशी तो लोकांसाठी खुला होणार होता. ही विचारते, "आणि माणसाला आडनावच नसलं तर?" सगळे हसले. मीही हसले. मग करून बघितलं, तर फॉर्म पुढेच जाईना. या देशात एकाच नावाचे किती लोक आहेत, विचार करा. ती चूक तशीच बाहेर गेली असती तर आमची शोभा झाली असती. त्याबद्दल कौतुक झालं ते टीमचं, म्हणजे स्टेजवर जाऊन फूल मी घेतलं. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. लीडच जाते ना स्टेजवर.

आता मुद्द्यावर येते. मी टाळतेय, कळतंय मला.

नोएडातल्या एका कंपनीत टेस्टिंगची एक चांगली जागा निघाली. रुपालीनेच शोधली, रुपालीनेच मला दाखवली. तिथले प्रमुख पाटणकर. हे आमच्या महाराष्ट्र मंडळातले, नवऱ्याच्या ओळखीचे, गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणारे. "ताई, तुम्ही ओळखता ना त्यांना? मी तुमचं नाव रेफरन्स म्हणून दिलंय, चालेल ना?" मी म्हटलं, अगं चालेल काय, बिल्कुल दे. तिचे दोन इंटरव्ह्यू झाले. दोन्ही छान गेले. जागा जवळजवळ तिचीच होती. मी अर्ज केला नव्हता. का नव्हता? मी स्वतःला सांगत होते की रुपालीसाठी. खरं म्हणजे भीती वाटत होती, तिच्यापुढे आपण पडू याची.

थंडीचे दिवस होते. दुपारी गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होते. पाटणकरांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, आणि मग सहज आवाजात त्यांनी विचारलं, "वहिनी, ती तुमची रुपाली — कामाला कशी आहे?"

मी म्हटलं, "तशी बरी आहे."

बस. एवढंच.

तुम्ही मराठी आहात, तुम्हाला काय फोड करून सांगायची? मुलगी बघून आल्यावर घरी कोणी विचारलं आणि उत्तर आलं "तशी बरी आहे", की पुढे कोणी पत्रिका मागवत नाही. नुसतं "बरी आहे" म्हटलं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. मी आधी "तशी" लावलं. आणि त्या "तशी"च्या आधी थोडी थांबलेही. विचारणारा हिंदीभाषक असता तर मला काहीतरी ठोस वाईट बोलावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. इंग्रजीत लिहून द्यावं लागलं असतं तर मी छानच लिहिलं असतं, हे नक्की. पण पाटणकर पुण्याचे. त्यांना त्या थांबण्यासकट सगळं ऐकू गेलं. "बरं बरं, आलं लक्षात," म्हणाले. मग म्हणाले, "आणि वहिनी, तुम्ही काय ठरवलंय? तुम्हीच का नाही येत?"

तोंडातून निसटलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. निसटलं नव्हतं. ते पुढे काय विचारतील हे मला बोलण्याआधी माहीत होतं. हातात मटाराची शेंग होती, ती मी शांतपणे सोलली आणि म्हटलं, "बघू या की."

महिन्याभरात मी नोएडाला जायला लागले. माझ्या मुलीला "बरी" या शब्दात वाईट काय ते कळणारसुद्धा नाही. इथल्या हिंदीत बरी म्हणजे आरोपातून सुटलेली. तशी मी सुटलेच. कोणी विचारलं नाही, कोणाला कळलं नाही.

रुपालीला नकाराचा मेल आला, आणि पाठोपाठ माझं झाल्याचं मीच तिला सांगितलं. ती काय म्हणाली असेल? पेढे घेऊन आली. मेट्रोच्या गर्दीत डबा चेपला होता, त्याबद्दल वर सॉरी म्हणाली. "आपल्यातल्या एकीला तरी मिळालं ना ताई," म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झाला होता. मला तिचा इतका राग आला की काय सांगू. ओरडली असती, संशय घेतला असता तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, पाटणकरांनी तुम्हाला विचारलं होतं का? मी म्हटलं, हो, छानच सांगितलं मी. तिने मान हलवली. जरा वेळाने वही काढली — तयारीची होती तिची एक वही — पेन उघडलं आणि म्हणाली, "मग माझं कुठे कमी पडलं? तुम्ही माझ्या लीड होता, तुम्हाला माहीत असणार. सरळ सांगा, मला वाईट नाही वाटणार."

इथे मला खरं बोलता आलं असतं. खोटंच बोलायचं तर, नशीब गं, असं म्हणून सोडता आलं असतं. मी काय केलं? मी विचार केला. अगदी लीडसारखा, चष्मा काढून. आणि म्हटलं, "खरं सांगू? तू फार प्रश्न विचारतेस. समोरच्याला वाटतं, हिला काही कळत नाही."

तिने ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. माझ्यासमोर.

पहिलं पाप एक वेळ हावरेपणाचं म्हणा. हे कशाचं होतं? नोकरी तर मला मिळाली होती. आता तिच्यात खोट काढायची काय गरज होती? गरज एवढीच, की माझं बोलणं खरं ठरायला हवं होतं. ती नुसती "बरी"च आहे, हे मला बघायचं होतं. आणि अकरा वर्षं खोट काढायचा पगार घेतलेल्या बाईने तिचं सगळ्यात चांगलं होतं, नेमकं तिथेच बोट ठेवलं.

पुढच्या इंटरव्ह्यूनंतर तिचा फोन आला. आवाजात उत्साह. "ताई, या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी ते म्हणाले, काही विचारायचंय का? मी म्हटलं, नो सर." मी म्हटलं, शाबास. तिथेही नाही झालं. त्याच्या पुढेही नाही. टेस्टरने प्रश्न विचारायचे नाहीत, तर काय हार घालायचे? मी स्वतः आता नोएडात लोक निवडते. शेवटी जो "नो सर" म्हणतो, त्याच्या नावापुढे मी फुली मारते.

सामान बांधायची वेळ आली तेव्हा तिने मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम धरलं. स्टोअरमध्ये आलेला-गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा. सकाळी कंपनीची बस. आईला इथेच ठेवता आलं, याचंच तिला समाधान. टेस्टिंग सुटलं. मध्ये दोन वर्षं गेली की परत कोणी घेत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल, मला आहे.

गेल्या महिन्यात रविवारी आली होती. मानेसरची धूळ, बसमधल्या बायका, सुपरवायझरची नक्कल — हसवलं तिने आम्हाला. माझी मुलगी आत गेली, नवरा फोन घेऊन गॅलरीत गेला. आम्ही दोघीच राहिलो. ती कपातल्या चहाकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तेव्हा पाटणकरांनी तुम्हाला नेमकं —"

आणि थांबली. स्वतःशीच हसली. "जाऊ दे. फार विचारते मी."

मी "विचार ना गं" म्हटलं नाही. मला हायसं वाटलं. मी तिला आणखी चहा ओतला.