चहाकाकांचं व्याख्यान

आमच्या गणित विभागात माणसाची किंमत दर गुरुवारी ठरते. आधी व्याख्यान, मग चहा, आणि व्याख्यानात कोण कोणाचं तोंड बंद करतो त्यावर पुढच्या आठवड्याची इभ्रत. चहाकाका यातल्या फक्त चहाचे मानकरी. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवून शिकवून त्यांचा घसा बसला होता आणि बढती त्यांच्याकडे कधी फिरकली नव्हती. किटली, कप, बिस्किटं एवढं मात्र सगळ्यांनी बिनबोभाट त्यांच्या गळ्यात घातलं होतं. फळाही तेच पुसायचे. आम्ही पडलो विद्वान!

निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी विभागप्रमुखांकडे एक गुरुवार मागून घेतला. तरुणपणी हाती घेतलेला एक प्रश्न त्यांनी अखेर सोडवला होता. त्याच्यापायी सुट्टीच्या दिवशी ते खोलीचं दार लावून बसायचे. दोन मुलींची आजारपणं, शाळा, लग्नं, सगळं त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकटीने निभावलं.

"तिला बोलावलंय," ते मला म्हणाले. "आपल्या नवऱ्याचं चार लोक ऐकून घेतात, एवढं तरी बघू दे तिला."

वहिनी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या. काकांनी प्रश्न मांडला, पहिली ओळ लिहिली आणि तुफान उठला. तुफान म्हणजे आमचा नवा प्राध्यापक. डोकं तल्लख, जिभेला हाड नाही.

"एवढं लांबून कशाला? उलट्या बाजूने धरलं की झालंच!"

त्याने बाजूचा फळा गाठला. मागोमाग विभागप्रमुख धावले, मग सगळेच. "थांब, चिन्ह चुकलं!" "कुठे चुकलं? नीट बघ!" नुसता कल्ला. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हेच तर वाईट. आमच्या लोकांना प्रश्न दिसला की माणूस दिसत नाही. बघता बघता सिद्धता पूर्ण झाली. टाळ्या पडल्या, त्या तुफानला. काका खडू धरून आपल्या फळ्यापाशी तसेच उभे होते, एका ओळीनंतर थांबलेले. मला त्या सगळ्या हुशारीची किळस आली.

चहाच्या वेळी वहिनींचा चेहरा फुललेला होता. इतकी शिकलेली माणसं आपल्या नवऱ्याच्या प्रश्नावर तुटून पडली, याचंच त्यांना अप्रूप. त्यांनी तुफानला गाठून विचारलं, "म्हणजे यांचं बरोबर होतं ना?"

"शंभर टक्के, काकू! प्रश्न झकास होता. पाच मिनिटांचंच काम, पण मजा आली."

तो बिस्किट घेऊन निघूनही गेला. वहिनींनी कप खाली ठेवला. काका रिकामे कप गोळा करत होते, त्यांच्याजवळ त्या गेल्या. आवाज चढवला नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू आलं.

"मग इतकी वर्षं दार लावून तुम्ही काय करत होतात?"

काकांचा हात थांबला.

"हेच," ते म्हणाले.