सगळे थांबले, सांबळ थांबलं नाही

मित्रांनो, आज दुपारी ढोकीत आमच्या बँडचा कार्यक्रम झाला. गिटार, बासरी, गाणारी सायली आणि सांबळावर मी. बाकी सगळे माझ्या मुलांच्या वयाचे.

देवीच्या गाण्याचा शेवट आम्ही आठवडाभर बसवला होता. सगळ्यांनी एकाच ठोक्यावर थांबायचं, मग एकदम शांतता.

आज त्या ठोक्याच्या जरा आधी पुढं बसलेल्या एका आजींच्या अंगात आलं. त्या उठून घुमू लागल्या. ठरल्याप्रमाणे सगळे थांबले, मी थांबलो नाही. अंगात आलेल्या बाईपुढं सांबळ एकदम तोडलं तर ती तशीच कोसळते, असं मला वडिलांनी शिकवलंय. मी लय हळूहळू उतरवत नेली. आजी खाली बसल्या, पाणी प्यायल्या, मगच मी हात थांबवले.

स्टेजवरून उतरताच सायली म्हणाली, “काका, शेवटाची पार वाट लावलीत!”

“व्हय, लावली. परत बी लावीन.”

“मग तुम्ही कधी थांबणार, ते मला कळायचं कसं?”

“समोरच्या माणसांकडं बघ की. तू तर डोळं मिटून गातीस!”

“डोळे उघडले की मी शब्द विसरते, काका.”

“इसरली तर इसरली. लोक सांगतील.”

तेव्हा कुठं ती हसली.

पोरांची मेहनत वाया गेली, याचं मला वाईट वाटतं. पण माझं चुकलं असं काही वाटत नाही. तुमच्यात वाजवणारे, गाणारे बरेच आहेत. माझ्या जागी तुम्ही असता, तर ठरलेल्या ठोक्यावर थांबला असता का?